निंबाजीची जखम

रांजणवाडीत निंबाजी नावाचा एक कुंभार राहत होता. हात मोठा सुबक, पण बोलणं तुटपुंजं. चार माणसांत बोलायची वेळ आली की आधी घसा खाकरायचा, आणि मग बराच वेळ नुसताच खाकरत राहायचा.

गावाच्या उशाला थोरलं तळं होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की तळाशी लोण्यासारखी मऊ काळी माती उघडी पडायची. कुंभार तिची मडकी घडवायचे, वीटवाले विटा पाडायचे, बायाबापड्या चुली घालायच्या. ही माती कोणाच्या मालकीची, असा प्रश्न शंभर वर्षांत कुणाला पडला नव्हता. त्या साली तो जहागीरदाराला पडला. त्यानं तळ्याभोवती बाभळीचं काटेरी कुंपण घातलं, काशिबा नावाचा राखणदार बसवला आणि दवंडी पिटली, 'ज्याला माती हवी, त्यानं टोपलीमागे एक दिवस माझ्या शेतात वेठीला राबावं. भाकर ज्यानं त्यानं घरून आणावी.'

दोन महिन्यांत आसपासच्या वीस गावांतले कारागीर मेटाकुटीला आले. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं, मग मडकी घडवायची कधी? अशात एके दिवशी निंबाजीच्या शेजारची सून वेठीवर उन्हात कोसळली. बाळंत होऊन तिला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. निंबाजीनं तिला पाठीवर घेऊन तिच्या घरी आणलं, ओसरीवर ठेवलं, आणि तसाच घाम न पुसता पुढच्या घराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"मी उद्यापासून वेठीला जाणार नाही," तो म्हणाला. "एकट्यानं नाही म्हटलं तर माझी मान धरतील. सगळ्यांनी म्हटलं तर किती माना धरतील?"

हे एवढंच तो दारोदार सांगत फिरला. ज्याला भाषण येत नव्हतं, त्याचं हे बोलणं लोकांना पटलं. प्रत्येक आळीनं एक बाप्या आणि एक बाई निवडून दिली. वेठ सोडली तर माती मिळणार नाही, माती नाही तर धंदा नाही, मग खायचं काय? म्हणून असं ठरलं, की प्रत्येक घरानं चूल पेटवण्याआधी मूठभर धान्य वेगळं काढायचं आणि आळीच्या रांजणात टाकायचं. ज्याचं घर उपाशी, त्यानं रांजणातून न्यायचं. रांजणांवर देखरेखीला गोदू आत्या बसली. म्हातारी कडक होती. खुद्द निंबाजीच्या बायकोनं जास्त मूठ उचलली, तर तिलाही ती परत टाकायला लावायची.

राजाचा सुभेदार दर चैत्री पुनवेला त्या भागात न्याय करायला येई. त्याचा दंडक असा, की जहागीरदाराविरुद्धची फिर्याद दहा गावांनी मिळून केली तरच ऐकायची. निंबाजीनं पायाला भिंगरी बांधली. पण लोक भीत होते. पुनव आठ दिवसांवर आली तरी गावं जमली होती तीन. रांजणांचे तळ दिसू लागले होते.

निंबाजीला एक जिवाभावाचा मित्र होता, हरबा. दोघं एकाच चाकावर खेळत वाढलेले. निंबाजीला जे बोलता येत नसे ते हरबा बोलायचा. तो पारावर उभा राहिला की जाती गाडी थांबायची. हरबा म्हणाला, "निंबा, नुसती माती दाखवून लोक उठत नाहीत. त्यांच्या काळजाला काहीतरी लागलं पाहिजे."

निंबाजीच्या मनात वेगळंच होतं. तो दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच तळ्यावर राखणदाराला भेटायला गेला.

"काशिबा, कुणाकुणाला राबवलं ते तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. सुभेदारापुढं येऊन सांगशील?"

काशिबा काठीशी चाळा करू लागला. "दोन पोरी आहेत मला," तो म्हणाला. "मालकानं काढलं तर त्यांच्या पोटाला कोण घालील?"

निंबाजीनं त्याला दोष दिला नाही. तो माघारी वळला आणि तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्याचा पाय सटकला. कपाळ दगडाच्या धारेवर आपटलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. काशिबा धावत आला, आपल्या मुंडाशाचं टोक फाडून त्यानं जखम बांधली, आणि खांद्याचा आधार देत त्याला गावच्या वाटेपर्यंत आणून सोडलं. "इथून पुढं येत नाही," तो म्हणाला. "मालकाच्या माणसांनी पाहिलं तर माझी धडगत नाही."

पण त्याला पाहिलं होतं दुसऱ्याच कुणीतरी. गुरं घेऊन निघालेल्या एका माणसानं लांबून एवढंच पाहिलं, की काशिबानं निंबाजीला धरलंय आणि निंबाजीचं तोंड रक्तानं माखलंय.

निंबाजी घरी पोचून खाली बसेपर्यंत अंगणात पन्नास माणसं जमली. "काशिबानं मारलं! जहागीरदारानं मारायला लावलं!" बाया रडत होत्या. म्हातारे दातओठ खात होते. जे कधी घराबाहेर पडले नव्हते, ते काठ्या घेऊन आले होते. निंबाजीनं बोलायला तोंड उघडलं, सवयीनं घसा खाकरला. तेवढ्यात हरबानं त्याचा हात घट्ट दाबला आणि त्याला आत नेलं.

"पडलो रे मी," निंबाजी म्हणाला. "त्यानं तर उलट..."

"कळलं मला. आता ऐक. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. फक्त गप्प बस. आठ दिवस. बाहेर बघ, दोन महिन्यांत जे जमलं नाही ते एका घटकेत जमलंय."

निंबाजीनं बाहेर पाहिलं. खरंच होतं ते. त्याला शेजारची सून आठवली, रिकामे रांजण आठवले. आठ दिवसांचा तर प्रश्न, असं तो मनाशी म्हणाला, आणि गप्प बसला.

मग काय विचारता! हरबानं जखमेवरचं ते रक्ताळलेलं फडकं सोडलं, काठीला बांधलं आणि गावोगाव नेलं. चौथं गाव आलं, पाचवं आलं, सहाव्याचा पाटील स्वतः चालत आला. धान्याच्या गाड्या येऊ लागल्या. रांजण भरून वाहिले, तेव्हा गोदू आत्यानं कणग्या मागवल्या. लोक निंबाजीच्या पाया पडू लागले. त्याला बोलता येत नाही, हेसुद्धा आता मोठेपण ठरलं. 'एवढा मार खाल्ला, पण तोंडातून ब्र नाही,' असं लोक म्हणायचे.

काठीवर फडकणारं ते फडकं मात्र काशिबाच्या मुंडाशाचं होतं, आणि हे गावात निंबाजीशिवाय फक्त दोघांना माहीत होतं. एक हरबा आणि दुसरी खुद्द निंबाजीची बायको चंद्रा.

"मी एका शब्दानं खोटं बोललेलो नाही," तो तिला म्हणाला.

"नाही बोललात," चंद्रा म्हणाली. "पण खरं तरी कुठं बोललात?"

जहागीरदार हुशार होता. लोक खवळलेत हे पाहून त्यानं हात झटकले. 'राखणदारानं काय केलं ते मला ठाऊक नाही,' म्हणाला, आणि काशिबाला कामावरून काढून टाकलं. आता काशिबाच्या पाठीशी कुणीच उरलं नाही. वाण्यानं त्याला पीठ नाकारलं. विहिरीवर त्याच्या पोरींच्या घागरी कुणीतरी फोडल्या. पुनवेच्या दोन दिवस आधी त्याची बायको तोंडावर पदर ओढून निंबाजीच्या दाराशी आली.

"दादा, तुम्हीच सांगा ना लोकांना. त्यांनी तुम्हाला हात लावला नाही."

निंबाजीला तिच्याकडं बघवेना. चाकावरच्या ओल्या मातीकडं बघत तो म्हणाला, "दोन दिवस थांब, बाई. सुभेदार येऊन जाऊ दे. मग सगळं सांगतो."

ती निघून गेली. चाकावरचं मडकं त्याच्या हातात वाकडं झालं.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी अकरा गावांचे लोक माळावर जमले. मुंगीला वाट नव्हती. हरबा गाडीवर उभा राहून बोलत होता, आणि त्या दिवशी त्याची जीभ सुटली होती. तळं, माती, वेठ, सगळं सांगून झाल्यावर त्यानं काठीवरचं फडकं उंच केलं. "हे रक्त विसरणार का?"

"नाही!" माळ हादरला.

"हे रक्त कुणाचं?"

"आमचं!"

तेव्हा गर्दीतून एक आवाज आला, "मारणारा तिकडं घरात बसलाय, आणि आपण इथं ओरडतोय!"

कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण गर्दी वळली. हरबा गाडीवरून हात हलवत राहिला, "थांबा, थांबा! उद्या सुभेदार येतोय!" कुणी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. वाटेत एका कुंभाराचा मडकी भाजायचा आवा धुमसत होता. काहींनी त्यातल्या पेटत्या गोवऱ्या फावड्यावर घेतल्या.

काशिबाचं घर गावाबाहेर, वाळक्या गवतानं शाकारलेलं. चैत्राचं ऊन, वारा सुटलेला. निंबाजी धावत आडवाटेनं निघाला. हरबा त्याच्या मागं धावत होता.

"निंबा, हे मी म्हटलं नव्हतं रे. देवाशपथ म्हटलं नव्हतं."

"मी खरं सांगणार आहे."

हरबानं त्याचं मनगट धरलं. "मग उद्या काय उरेल? अकरा गावं आहेत, निंबा! नुसतं एवढंच म्हण, 'मी काशिबाला माफ केलं.' ते तुला देव मानतात. तुझा शब्द झेलतील. माणूसही वाचेल आणि चळवळही."

निंबाजीला ते पटलं. खरं सांगायचं तर त्याला ते हवंच होतं. तो गर्दीच्या पुढं जाऊन काशिबाच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. दार आतून लावलेलं होतं. आत पोरी रडत होत्या आणि त्यांची आई त्यांचं तोंड दाबत होती, ते त्याला पाठीमागून स्पष्ट ऐकू येत होतं.

"मी त्याला माफ केलं!" तो ओरडला. "माघारी फिरा. मी माफ केलंय!"

गर्दीनं त्याचा जयजयकार केला. पण पाऊल एकाचंही मागं गेलं नाही. सगळ्यांत पुढं फावड्यावर पेटती गोवरी घेतलेला सावळा नावाचा पाथरवट होता. मनगटानं दणकट, मनानं सरळ. त्याच्या शब्दावर त्याचं गाव या चळवळीत आलं होतं. तो विनवल्यासारखा म्हणाला, "निंबाजी, तू संत आहेस. आम्ही नाही. आज तुला मारलं, उद्या आमच्या पोरांना मारतील. तू बाजूला हो."

मागून रेटा आला. कुणीतरी छपराच्या गवताला हात घातला. एक पेंढी खाली आली. निंबाजीला दिसलं, की आता माफीनं, विनवणीनं, पाया पडूनसुद्धा काही होणार नाही. लोकांना उभं केलं होतं त्याच्या गप्प बसण्यानं. त्यांना बसवायचं तर तेच मोडावं लागणार होतं.

त्यानं कपाळाची पट्टी ओढून काढली. खपली निघून रक्त आलं.

"मला कुणी मारलं नाही!" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो घसा न खाकरता बोलला. "मी तळ्याच्या पायरीवरून पाय घसरून पडलो. ह्या काशिबानं मला उचललं. त्यानं आपलं मुंडासं फाडून माझी जखम बांधली. मी आठ दिवस गप्प बसलो, कारण मी गप्प बसलो म्हणून तुम्ही आलात."

मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते पुढच्यांना विचारत होते, आणि पुढचे सांगत नव्हते.

सावळ्याच्या फावड्यावरली गोवरी खाली पडली. त्यानं ती पायानं मातीत दाबून विझवली. मग तो निंबाजीच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "माझ्या हातून दोन पोरी जळाल्या असत्या."

"हो."

"मग आम्हाला बोलावलं कशाला होतंस?"

"मातीसाठी. वेठ खरी आहे, कुंपण खरं आहे. माझी जखम तेवढी खोटी होती."

सावळा थुंकला आणि आपल्या गावाच्या माणसांना घेऊन निघून गेला. कुणीतरी ढेकूळ मारलं, ते निंबाजीच्या छातीवर फुटलं. कुणी शिव्या दिल्या. गाड्या जुंपल्या गेल्या. दिवस मावळेपर्यंत कणग्यांतलं आपापलं धान्य परत नेणाऱ्यांची रांग लागली होती, आणि गोदू आत्या मापं घालून देत होती. अकरा गावांपैकी उरली तीन. पहिली होती तीच.

सकाळी सुभेदार आला. जहागीरदाराला सगळी बातमी लागली होती. तो हसत म्हणाला, "सरकार, ह्या फिर्यादीचं बिंग ह्यांनीच फोडलंय. म्होरक्या स्वतः कबूल करतोय की तो खोटारडा आहे."

सुभेदारानं निंबाजीकडं पाहिलं. "खरं का?"

"खरं, सरकार."

"आणि गावं किती?"

"तीन."

"मग मला फिर्याद ऐकता येत नाही," सुभेदार म्हणाला, आणि उठायला लागला. तेव्हा लोकांच्या मागून एक माणूस पुढं आला. डोक्याला मुंडासं नव्हतं. काशिबा होता.

"सरकार, फिर्याद ऐकू नका. पण मी मालकाचा राखणदार होतो, माझं तेवढं ऐका. वेठ मीच करून घेतली. पंधरा दिवसांची बाळंतीण उन्हात पडली, तेव्हा मी समोर उभा होतो. मला मालकाचा हुकूम होता, कुणालाही सोडायचं नाही."

जहागीरदाराचं हसू मावळलं. फिर्यादीपेक्षा घरचा साक्षीदार वाईट, हे त्याला कळत होतं. सुभेदार पुन्हा बसला. बराच विचार करून म्हणाला, "कुंपण काढा, असा हुकूम मी तीन गावांवर देऊ शकत नाही. पण बाळंतिणीला राबवणं राजाच्या राज्यात चालणार नाही. पुढल्या चैत्री पुनवेपर्यंत वेठ बंद. तोवर मातीही बंद. दहा गावं आणा, मग बघू."

हे काही जिंकणं नव्हतं. गावाला वर्षभर लांबच्या ओढ्याची रेताड माती आणावी लागली. मडकी तडकत होती. निंबाजीनं म्होरकेपण सोडलं, ते गोदू आत्याकडं गेलं. तिनं त्याला एकच काम दिलं.

"गेलेल्या आठ गावांना तू जायचंस. एकट्यानं. चुकलो म्हणायचंस, आणि मग मातीचं सांगायचंस."

तो गेला. काही गावांत त्याला पाणीसुद्धा मिळालं नाही. सावळ्याच्या गावाच्या वेशीवरून तो तीनदा परत फिरला. चौथ्यांदा सावळा दगड घडवत बसला होता. छिन्नी न थांबवता त्यानं विचारलं, "आणखी काही लपवलंयस?"

"हरबानं गप्प बस म्हटलं होतं. पण तोंड माझं होतं. एवढंच."

सावळ्यानं छिन्नी खाली ठेवली. "बस," तो म्हणाला, आणि आत बायकोला भाकर टाकायला सांगितलं.

हरबा मात्र पुन्हा कधी निंबाजीच्या ओट्यावर आला नाही. काही मोडलेली भांडी कुंभारालाही सांधता येत नाहीत.

वर्ष सरता सरता आठ गावं झाली, मग नऊ. पुनवेच्या आदल्या आठवड्यात दहावं आलं. आणि नेमक्या त्याच वेळी एका दुपारी तळ्याचं कुंपण पेटलं. कसं पेटलं, ते कुणालाच कळलं नाही. पुनवेला सुभेदार येताच जहागीरदार त्याच्यापुढं धावत गेला, "सरकार, बघा! ही जाळपोळ करणारी माणसं!"

दहा गावांचे लोक धास्तावून उभे होते. सुभेदारानं गोदू आत्याला विचारलं नाही, पाटलांना विचारलं नाही. तो निंबाजीकडं वळला. "तुमच्यापैकी कुणी जाळलं?"

"नाही, सरकार. मी प्रत्येक आळीत जाऊन विचारलंय."

"पुरावा?"

निंबाजी घसा खाकरू लागला. तेवढ्यात सावळा पाथरवट पुढं आला. "सरकार, अकरा गावं हातची जातील हे ठाऊक असताना हा माणूस स्वतःविरुद्ध खरं बोललाय. आमच्या बाजूनं तो खोटं कशाला बोलेल?"

सुभेदारानं मान डोलावली आणि दहा गावांची फिर्याद ऐकून घेतली. जळकं कुंपण पुन्हा घालायचं नाही, माती सगळ्यांची आणि वेठ कायमची बंद, असा हुकूम त्यानं तिथल्या तिथं लिहवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी रांजणवाडीच्या बाया टोपल्या घेऊन तळ्यात उतरल्या. काशिबाच्या दोन्ही पोरी सगळ्यांत पुढं होत्या.

तात्पर्य: खोट्यावर जमवलेली माणसं जमवणाऱ्याचंही ऐकत नाहीत. जी चळवळ नुकसान सोसून आपली चूक कबूल करते, तिच्याच शब्दावर शेवटी लोक विश्वास ठेवतात.